राजधानीच्या कडेला

तिनयराग विहीर, तगांत
८ जानेवारी १९७३

तकबेर ताई,

सलाम. दाजींनाही सांग.

तुझं पत्र ट्रकवाल्या देद्दाने आणून दिलं. आईला वाचून दाखवलं. दवाखाना आहे, नळ आहे, रस्त्यावर दिवे आहेत, तेव्हा आईला घेऊन राजधानीत ये, असं तू लिहिलंस. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "राजधानी म्हणजे तेच ना, जिथे तकबेर मासे खाते?" मी हो म्हटलं. त्यावर तिने मान फिरवली. तुझ्या पत्राला तिचं उत्तर एवढंच.

माझं उत्तर ऐक. नुआकशोतला राजधानी म्हणताना तुमची जीभ कशी अडखळत नाही? पंधरा वर्षांपूर्वी तिथे कोळ्यांच्या चार झोपड्या होत्या, फ्रेंचांचं एक ठाणं होतं आणि क्सार नावाचं मातीचं गाव होतं. तेही आधी एकदा पुरात वाहून गेलेलं. वाळवंटातलं गाव पुरात वाहून जातं यावरून तरी साहेबलोकांनी काही समजायला हवं होतं. त्यांनी नकाशावर बोट टेकवलं आणि म्हणाले, इथे. समुद्र आहे पण बंदर नाही. वाळू आहे पण खजुराचं एक झाड नाही. जमीन खणली तर खारं पाणी. प्यायचं पाणी इदिनीच्या विहिरींतून, आमच्या बाजूने, नळीतून ओढत न्यावं लागतं. नावाचाही धड पत्ता नाही. कोणी म्हणतं वाऱ्याची जागा, कोणी म्हणतं शिंपल्यांची. शिंगेती, वलाता ही शहरं. तिथे माणसं शेकडो वर्षं शिकली, मेली, पुन्हा शिकली. तुमच्या शहरापेक्षा आपला हा तंबू वयाने मोठा आहे.

इकडे ठीक आहे. पाऊस झाला नाही, पण ते काय आपण पहिल्यांदा पाहतोय? उंट थोडे उतरलेत. मुनीना सलाम सांगते. आईला जरा खोकला आहे, धुळीचा.

यहदीह

नुआकशोत
२ फेब्रुवारी १९७३

यहदीह,

सलाम.

या शहरात हसण्यासारखं काय काय आहे ते मला तुझ्याहून जास्त माहीत आहे. मी इथे नवी नवरी म्हणून आले तेव्हा तू आईच्या पदराआड होतास. त्याआधी आपल्या देशाचा कारभार नदीपलीकडच्या सेंट लुईतून चालायचा. आपली राजधानी दुसऱ्याच्या देशात होती. तेव्हा तुझ्या शिंगेतीच्या विद्वानांना त्याचं काही वाटलं नाही. तुझे दाजी तिथल्या कचेरीत कारकून होते. फायलींची खोकी ट्रकमध्ये घातली, खोक्यांवर हे बसले आणि इथे आले. उतरले तर कचेरीच नव्हती. दोन दिवस फायली ताडपत्रीखाली आणि हे ताडपत्रीवर.

तेव्हा रोज सकाळी दार उघडायचं नाही, खणून काढायचं. मी ताटलीने वाळू उपसायचे. सिमेंटच्या घरात एवढं उकडायचं की मोठमोठे साहेब अंगणात तंबू ठोकून झोपायचे आणि सकाळी सूट घालून घरातून बाहेर आल्यासारखं दाखवायचे. मिठाने भिंती खालून फुगतात, चुना गळतो. हे सगळं खरं आहे. तरी मी इथे राहिले, लोकांनी घरं बांधली, शाळा काढल्या. वाऱ्यामागे उंट हाकत फिरण्यापेक्षा ते बरं, असं मला वाटतं. तुला उंटांपलीकडे काही वाटत असेल तर कळव.

आणि "उंट थोडे उतरलेत" असलं मला लिहू नकोस. पूर्वेकडून रोज माणसं येताहेत. क्सारपलीकडे तंबूंची नुसती गर्दी झाली आहे. तंबू तरी कसले, पिठाच्या पोत्यांची ठिगळं. त्यांनीही मागच्या वर्षी घरच्यांना उंट उतरलेत असंच सांगितलं असेल.

आईला पाठव. तुला यायचं नसेल तर नको येऊस, तुझ्यावाचून शहराचं काही अडलेलं नाही. देद्दाच्या ट्रकमध्ये पुढे बसवून पाठव. खोकला धुळीचा असेल तर डॉक्टर तसं सांगेल.

तकबेर

तिनयराग विहीर, तगांत
१० एप्रिल १९७३

ताई,

सलाम. उत्तराला उशीर झाला. कळप हलवण्यात वेळ गेला. आता परत विहिरीपाशी आहोत.

आईला मी विचारलं. ती येणार नाही म्हणते. खोकला कमी आहे.

तुझ्या त्या शहराबद्दल आणखी ऐकलं. संध्याकाळी वारा फिरला की सगळ्या गावावर सडक्या माशांचा वास बसतो आणि तो तुमच्या कपड्यांतून दुसऱ्या दिवशीपर्यंत जात नाही, खरं ना? समुद्र एवढा जवळ, पण वाळूच्या बांधामुळे दिसत नाही, फक्त वास येतो. कचेरीतली माणसं दुपारी बाहेर पडतात तेव्हा पायजम्यावर गुडघ्यापर्यंत पांढरी धूळ, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू सगळा देश त्यांनीच खणून काढला. परदेशातून आलेली लाल ज्वारी वाटतात म्हणे. ती ज्यांच्याकडून आली ते स्वतः खात नाहीत, जनावरांना घालतात. वाटणारा पोरगा रांगेतल्या म्हाताऱ्यांना "ए" म्हणून हाक मारतो. ज्यांच्या बापांपुढे त्याचा बाप खाली मान घालून उभा राहायचा, त्यांना.

असल्या गावात आईला पाठवू? इथे निदान तिला कोणी "ए" म्हणत नाही.

यहदीह

नुआकशोत
२३ एप्रिल १९७३

यहदीह,

सलाम.

या वेळी तुझं पत्र वाचून हसले. देद्दा ट्रक चालवतो की तुझ्यासाठी हेरगिरी करतो? पायजम्यावरच्या धुळीपर्यंत बातम्या पुरवतो. एवढं बारीक तर मलाही सांगता आलं नसतं.

पण तुझ्या पत्रातलं एक मला पटलं. त्या तंबूवाल्यांकडे पाहून मलाही लाज वाटते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ आहे. आता तिथे पहाटेपासून त्यांच्या बायका कातडी पखाली घेऊन बसलेल्या असतात. आम्हाला आमच्याच दाराशी रांग. परवा मी बाहेर पडले तर एक उंच बाई पखाल भरत होती, डाव्या भुवईवर व्रण असलेली. मी म्हटलं, "हा नळ इथे राहणाऱ्यांसाठी आहे. तुमच्याकडे पाण्याची गाडी येते ना?" ती माझ्याकडे बघत राहिली, अगदी निवांत, मी तिच्या दाराशी आले असावे तशी. मग तिने भरलेली पखाल उचलली, तोंड सोडलं, सगळं पाणी माझ्यासमोर वाळूत ओतलं आणि चालू लागली. तोरा बघ. पोटात दाणा नाही आणि मान कशी तर उंटिणीसारखी.

तेव्हा तुझी आठवण झाली. तू हट्टी आहेस, अडाण्यासारखं बोलतोस, पण निदान तिथेच टिकून आहेस. पोत्याच्या तंबूत राहून दुसऱ्याच्या नळावर हात पसरत नाहीस. आपल्या माणसांनी असं केलेलं मला पाहवलं नसतं.

आईच्या खोकल्याचं खरं लिही. खोकला "कमी आहे" म्हणजे आहे.

तकबेर

तिनयराग
६ मे १९७३

ताई,

पाणी कोणाचं असतं हे तू विसरलीस. बाबांच्या विहिरीवर शत्रूचा उंट आला तरी बाबा आधी त्याला पाजायचे आणि मग भांडायचे. तुला त्या शहराने नळ दिला आणि तेवढी गोष्ट काढून घेतली.

मला तुझं कौतुक नको. आईची काळजी करायला मी आहे. यापुढे पत्र पाठवू नकोस, आम्ही उत्तरेला जातोय. देद्दाची तिकडे खेप नसते.

यहदीह

क्सारच्या मागे, नुआकशोत
१९ जून १९७३

वन्सं,

सलाम.

हे अक्षर तुमच्या ओळखीचं नाही. मी मुनीना, तुमच्या भावाची बायको. आमच्या लग्नाला तुम्ही आला नव्हतात, तेव्हा माझा चेहराही ओळखीचा नाही असं तुम्हाला वाटत असेल. तो तुम्ही पाहिला आहे, तुमच्या गल्लीच्या नळावर. व्रण लहानपणी तंबूच्या खुंटीवर पडले त्याचा आहे.

आम्ही मार्चपासून इथे आहोत. ट्रकतळाच्या मागे, जिथे तुमचं शहर कचरा टाकतं. तिनयराग आटली. उंट वाटेत एकेक बसत गेले, बसला तो उठला नाही. उरलेले दोनचार तुमच्या भावाने तिजिकजाजवळ एका ओळखीच्या माणसाकडे सोडले. देद्दाने आम्हाला आणलं.

तुमचा भाऊ तंबूच्या सावलीत बसून पत्र लिहितो आणि वर तिनयराग घालतो. देद्दा इथे चहा पितो, पत्र खिशात ठेवतो, काही दिवस जाऊ देतो आणि मग तुमच्या यजमानांच्या हातात देतो. तुमचं उत्तर तसंच आमच्याकडे येतं. दोन्ही घरांमध्ये एक वाळूची टेकडी आहे. सकाळी निघालं तर चहाची पहिली फेरी होईतो माणूस पोचतो.

तुम्ही नळावर बोललात ते मी घरी सांगितलं नव्हतं. तुम्ही स्वतःच लिहून कळवलंत. त्याने ते मोठ्याने वाचायला घेतलं, मध्येच थांबला आणि माझ्याकडे पाहिलं. उरलेलं त्याने आईंना स्वतःच्या मनाने रचून सांगितलं. त्यात तुम्ही फार गोड बोलत होतात.

आईंना फसवणं त्याला जमत नाही, हे त्याला कळत नाही. त्यांना दिवसातून दोनदा विमान ऐकू येतं. तगांतवर विमान कुठलं? एकदा त्यांनी विचारलं, "तकबेरचं घर इथून लांब आहे का रे?" तो म्हणाला, फार लांब. आई म्हणाल्या, "हो, असेल." तेव्हापासून त्यांनी विचारलेलं नाही.

त्या गेल्या आठवड्यापासून उठलेल्या नाहीत. ताप उतरत नाही. खोकल्यातून रक्त येतं.

मला तुमच्या घरचं काही नको. तुमच्या घरात पाऊल टाकायची मला हौस नाही. तुम्ही बहीणभाऊ एकमेकांना शहाणपणाची पत्रं लिहीत बसलात आणि म्हातारी बाई मध्ये पडून आहे. असली दोन माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. गाडी घेऊन या. निळ्या पिंपाशेजारचा तंबू.

मी हे लिहिलं हे त्याला माहीत नाही. कळलं तरी चालेल.

मुनीना

नुआकशोत
२७ जुलै १९७३

यहदीह,

सलाम.

हे देद्दाबरोबर तिजिकजाला पाठवते आहे. या वेळी तो खरंच तिकडे जातो आहे, मी ट्रक सुटेपर्यंत उभी राहणार आहे.

मी तंबूत शिरले तेव्हा तू उठलास, माझ्याकडे न बघता बाहेर गेलास, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की उंट शोधायला पूर्वेला गेलास. आई दवाखान्यात आणि तू उंटांमागे. तुझ्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती. पण तू बाहेर पडल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

आत अंधार होता. डोळे सरावेपर्यंत मला आई दिसलीच नाही. ती इतकी लहान झाली आहे की मी आधी ती गुंडाळलेली गोधडीच समजले. तिने मला पाहिलं. अकरा वर्षांनी पाहत होती. म्हणाली, "चपला काढ. तंबू आहे हा, कचेरी नाही."

मी चपला काढल्या. जवळ बसले. मला रडू येत होतं आणि ती माझ्या ओढणीचं कापड बोटांनी चाचपत होती, बाजारात चाचपतात तसं. मग विचारलं, "पाणी आणलंस का?"

मी नव्हतं आणलं. गाडी आणली होती, पैसे आणले होते, तुझ्या दाजींची डॉक्टरला चिठ्ठी आणली होती. पाणी आणायचं मला सुचलं नाही. मुनीनाने कोपऱ्यातून वाडगा उचलला, आईला पाजलं, आणि उरलेलं माझ्यापुढे धरलं. मी प्यायले. ती माझ्याकडे तशीच बघत होती, नळावर बघत होती तशी. मी खाली बघत होते.

क्षय आहे. डॉक्टर म्हणाला, आणखी महिना गेला असता तर तो काही करू शकला नसता. सुया चालू आहेत. ताप उतरला आहे. कालपासून आई परिचारिकांना नावं ठेवायला लागली, म्हणजे वाचेल. खाटेवर झोपायला तयार नाही, उंच आहे म्हणते. चादर ओढून जमिनीवर झोपते आणि डॉक्टर आला की त्याला म्हणते, "वाक." तो वाकतो.

मुनीना रोज येते, टेकडी ओलांडून. माझ्या घरी जेवत नाही. मी नळावर तिच्यासाठी जागा धरली तर शेजारणी म्हणाल्या, हिला काय झालं? मी म्हटलं, भावजय आहे. त्यांनी तोंडं वाकडी केली. एकीने विचारलं, "कधीपासून?" मुनीना म्हणाली, "एप्रिलपासून."

मी तुला काही माफबिफ केलेलं नाही. तीन महिने तू तिला माझ्या दारापासून हाकेच्या अंतरावर खोकत ठेवलंस, मी तुला हसू नये म्हणून. मी हसले असते, हेही खरं. पण हसत हसत आधी गाडी आणली असती.

तकबेर

तिजिकजा
१५ सप्टेंबर १९७३

ताई,

सलाम. वर घातलंय ते ठिकाण खरं आहे. देद्दाला विचार. तो मला म्हणाला, आता पत्र पोचायला खरोखरच वेळ लागेल, तुला चालेल ना? आणि पोट धरून हसला. त्याला हसू दिलं.

मी तिनयरागला जाऊन आलो. यंदाही आभाळ नुसतं आलं आणि गेलं. विहीर काठापर्यंत वाळूने भरली आहे. मी हातांनी उपसायला लागलो. खाली ओल असेल असं उगीच वाटलं. मग लक्षात आलं की आपण काय करतोय हे बघायलासुद्धा इथे कोणी नाही. थांबलो. आपल्या तंबूच्या जागी चुलीचे तीन दगड आहेत. बाकी काही नाही. आयुष्यभर मी ज्या देशाचा रुबाब तुझ्यापुढे मारला तो तिथे नव्हता. तो सगळा उठून तुमच्या त्या क्सारच्या मागे येऊन बसला आहे, निळ्या पिंपाशेजारी, लाल ज्वारीच्या रांगेत.

उंटांपैकी एक उंटीण सापडली. आपलं डाग दिलेलं निशाण आहे मानेवर. ज्या माणसाकडे सोडली होती त्याची दोन लहान पोरं तिच्या दुधावर जगताहेत. तो उठून दोरी सोडायला गेला. मी म्हटलं, राहू दे. एका उंटिणीला कळप म्हणत नाहीत. तिला घेऊन मी कुठे जाणार होतो? तुमच्या गल्लीत?

मी तंबूतून बाहेर गेलो तेव्हा लांब नव्हतो गेलो. मागच्या बाजूला उभा होतो. "पाणी आणलंस का" हे ऐकलं. तुझं तोंड बघायला मी तिथे नव्हतो याचं त्या वेळी वाईट वाटलं. आता वाटत नाही.

तुझं शहर मला आवडत नाही. ते आवडण्यासारखं नाहीच. पण आई, मुनीना आणि तू, तिघीही तिथे आहात, आणि इथे मी कोणाला नावं ठेवू? पुढच्या खेपेला देद्दाबरोबर निघतो. मजुरी मिळेल ना? भिंती बांधता येत नाहीत मला, पण त्या मिठाने फुगतात म्हणालीस, तेव्हा काम संपणार नाही.

आईला सांग. मुनीनाला मीच सांगेन. तिच्यापुढे उभं राहायला आल्यावरच धीर होईल.

यहदीह

नुआकशोत
११ ऑक्टोबर १९७३

यहदीह,

सलाम. लवकर ये, कारण इथे जागा वाटताहेत आणि तुझी बायको मला जगू देत नाही.

आई दवाखान्यातून सुटली. मी खोली तयार ठेवली होती, भिंतीला नवा चुना लावून. आईने दारातूनच खोली बघितली, चुन्याचा पोपडा नखाने काढला आणि म्हणाली, "हे आजारी आहे." आणि मुनीनाचा हात धरून टेकडीकडे चालू लागली. डॉक्टरने सुयांसाठी आठवड्याला यायला सांगितलंय, तेवढी येते. येताना माझ्या घरी चहा घेते, साखर कमी म्हणते, जाते. तुझे दाजी तिला घाबरतात.

तंबूवाल्यांसाठी सरकार पलीकडच्या मैदानावर नवी वस्ती आखतंय. खुंट्या मारून, चुन्याच्या रेघा ओढून. नियम असा की जो जागेवर बसलेला दिसेल, जागा त्याची. उठला की दुसरा बसतो. मुनीनाने पहिल्याच दिवशी एक तुकडा धरला, आईला मध्ये बसवलं, तंबू वर उभारला. तेव्हापासून आई तिथे आहे. दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते की जागा भिकार आहे, जमीन खारी आहे, इथे उंटसुद्धा गुडघे टेकणार नाही. आणि उठत नाही.

पाणी मी नेते. दोन डबे, रोज, आमच्या नळावरून. शेजारणी मला तंबूवाल्यांची मोलकरीण म्हणतात. पहिले काही दिवस मुनीना म्हणायची, "तिथे ठेवा." बस, तेवढंच. काल तिने एक डबा माझ्या हातातून घेतला. त्याचा अर्थ काय ते मला ठाऊक नाही, तू तिचा नवरा आहेस, आल्यावर सांग.

परवा मोजणीवाले आले. एक तरुण साहेब, हातात नकाशा. या शहराचा त्यांना मोठा अभिमान आहे, सगळे रस्ते बाणासारखे सरळ. आणि त्यांचा सरळ रस्ता नेमका आईवरून जात होता.

साहेब म्हणाला, "आजी, थोडं सरका. इथून रस्ता जायचाय."

आईने विचारलं, "कुठे जायचाय?"

"समुद्राकडे."

"मग समुद्र पळून जातोय का?" आई म्हणाली. "तुम्ही मला तगांतवरून हलवलं, तंबूतून हलवलं, खाटेवर टांगलं. आता तुझा रस्ता हलव. तो माझ्याहून तरुण आहे."

तो हसला. मग त्याने नकाशा दाखवून समजावून सांगितलं. आईने नकाशा हातात घेतला, उलटा धरला, बराच वेळ बघितला आणि त्यावर चहाचा पेला ठेवला. त्याला दिला चहा, रिवाजाचे तिन्ही पेले होईपर्यंत बसवून घेतलं, तो कोणाचा मुलगा, कोणत्या घराण्यातला ते विचारलं. त्याची आजी वलाताची निघाली. तिसऱ्या पेल्यानंतर तो उठला, खुंट्या उपटल्या आणि चार पावलं पलीकडे ठोकल्या.

तेव्हा येशील तेव्हा निळं पिंप शोधू नकोस, ते आता नाही. नाव विचारत बसू नकोस, इथे कोणाला कोणाचं नाव ठाऊक नाही. मैदानावर ये आणि चुन्याच्या रेघेवरून चालत राहा. जिथे रस्ता वाकतो, तिथे आई बसली आहे.

तकबेर